महिलांची कमाई, मालकी आणि घरातील निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहर आणि जिल्ह्यातील बचत गटांच्या बैठकांत, वस्त्यांमधील मेळाव्यांत आणि पत्रांतून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीपुरती आहेत. स्वतःच्या प्रकरणात सल्ला हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, कायदेशीर साहाय्य विनामूल्य मिळते.

१. आर्थिक सक्षमीकरण म्हणजे नेमके काय? नोकरी करणारी प्रत्येक स्त्री सक्षमच असते ना?

नाही. कमाई ही सुरुवात आहे. आलेला पैसा कोणाच्या खात्यात जातो, तो कोठे खर्च करायचा हे कोण ठरवते, घर किंवा शेत कोणाच्या नावावर आहे आणि अडचणीच्या वेळी स्त्री कोणाला न विचारता किती रक्कम उभी करू शकते, या चार गोष्टी तपासल्याशिवाय सक्षमीकरण झाले की नाही हे सांगता येत नाही. महिन्याला चाळीस हजार पगार असलेली पण एटीएम कार्ड पतीच्या पाकिटात असलेली स्त्री आणि पोळ्या लाटून आठ हजार मिळवणारी पण ते आठ हजार स्वतः हाताळणारी स्त्री यांच्यात दुसरी अधिक सक्षम आहे, असे आम्ही अनुभवाने म्हणतो.

सरकारी आकडेवारी वाचतानाही हे लक्षात ठेवावे लागते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ स्वागतार्ह आहे; परंतु तिचा मोठा भाग ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही मोजल्या जातात. त्यांचे काम नोंदले गेले, याचा अर्थ त्यांच्या हाती पैसा आला असा होत नाही.

२. याचा कुटुंबाला खरोखर फायदा होतो, की ही केवळ भाषणात बोलण्याची गोष्ट आहे?

फायदा होतो आणि तो अभ्यासांतूनही दिसला आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात वृद्धांच्या पेन्शनची व्याप्ती वाढवण्यात आली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्या घरांतील मुलांची वाढ तपासली. पेन्शन आजीला मिळत होती तेथे नातींच्या वजनात आणि उंचीत सुधारणा दिसली. आजोबांना मिळत होती तेथे तसा परिणाम आढळला नाही. घरात येणारा पैसा सारखाच असला, तरी तो कोणाच्या हाती येतो यावर मुलांचे ताट अवलंबून असते, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

आपल्याकडचे उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. तेथे रोजगार हमीची मजुरी स्त्रियांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करण्यात आली आणि खाते कसे वापरायचे याचे प्रशिक्षणही देण्यात आले. त्यानंतर या स्त्रियांनी रोजगार हमीच्या कामावर आणि त्याबाहेरही अधिक काम केले, असे संशोधकांना आढळले. रोजगार हमीचा कायदा सर्वप्रथम महाराष्ट्राने १९७७ साली केला. पण मजुरी स्त्रीच्या खात्यात जमा होणे ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली आणि तितकीच महत्त्वाची पायरी आहे.

कुटुंबासाठी आणखी एक लाभ असतो आणि तो संकटाच्या काळातच कळतो. घरात एकच कमावता असेल, तर त्याचा अपघात, आजारपण किंवा कंपनीतून कपात होणे म्हणजे सगळ्या घराचा कणा मोडणे. दुसरी कमाई, मग ती लहान का असेना, त्या वेळी मुलांची शाळा सुटू देत नाही आणि सावकाराच्या दारात जाऊ देत नाही. कोविडच्या टाळेबंदीनंतर कितीतरी घरे घरगुती डब्यांवर आणि शिवणकामावर पुन्हा उभी राहिली, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

३. एखादी स्त्री कमावती झाली तर तिच्या घराचे भले होईल. पण वस्तीला किंवा शहराला काय मिळते?

पुण्यातले उत्तर रोज सकाळी आपल्या दारात येते. कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची, त्यातही बहुसंख्य स्त्रियांची, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या सहभागाने १९९३ साली उभी राहिली. त्याआधी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांबरोबर काम सुरू केले होते. उकिरड्यावर भंगार शोधणाऱ्या, चोर समजून हाकलल्या जाणाऱ्या स्त्रियांना आधी ओळखपत्र मिळाले आणि पुढे त्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन झाली. २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद घरोघरी ओला-सुका कचरा गोळा करतात, नागरिकांकडून सेवाशुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल विकून उत्पन्न मिळवतात. जो कचरा अन्यथा डेपोवर गेला असता, तो पुनर्वापराला जातो. त्या स्त्रियांची मिळकत आणि शहराची स्वच्छता येथे एकाच कामातून साधली जाते.

गावपातळीवर असाच परिणाम पंचायतींमध्ये दिसतो. पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधील अभ्यासात असे आढळले की, सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. पाणी कोण भरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना २०११ पासून पन्नास टक्के आरक्षण आहे. बचत गटात हिशेब वाचायला, चारचौघांत बोलायला आणि कागद मागायला शिकलेली स्त्री त्या खुर्चीवर बसते, तेव्हा ते आरक्षण कागदावर राहत नाही.

४. पुण्यात हे काम केव्हापासून चालते?

शिक्षणापुरते बोलायचे, तर १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली तेव्हापासून. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. प्रश्न ३ मधील विद्यापीठ ते हेच. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. तेथे परिचारिका आणि शिक्षिका घडवण्यावर भर होता, म्हणजे थेट रोजगाराचा विचार होता. १९७४ मध्ये पुण्यात भगिनी निवेदिता सहकारी बँक स्त्रियांनी स्त्रियांसाठी स्थापन केली. राज्य शासनाचे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी अस्तित्वात आले.

५. मी पूर्णवेळ घर सांभाळते. मी 'काहीच करत नाही' असे सगळे म्हणतात. माझ्या कामाला काही आर्थिक किंमत आहे का?

आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात असे नोंदले गेले की, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रियांचे जवळजवळ पाच तास, आणि त्यात मुलांची व वृद्धांची देखभाल धरलेली नाही. ती वेगळी मोजली आहे. हे काम बाहेरून करून घ्यायचे ठरवले, तर स्वयंपाकाच्या मावशी, पाळणाघर आणि आजारी माणसासाठी ठेवायची मदतनीस यांचे पुण्यातील दर बेरजेला घेऊन पाहावेत. अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत न्यायालयेही गृहिणीच्या कामाचे मूल्य पैशांत ठरवतात.

तरीही हे मूल्य मान्य होणे आणि हाती पैसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरखर्चाच्या नियोजनात दरमहा ठरावीक रक्कम गृहिणीच्या स्वतःच्या खात्यात जमा करण्याची पद्धत पाडावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ती रक्कम भाजीसाठी नसावी, तिची असावी.

६. बचत गट सुरू करायचा आहे. कोठून सुरुवात करावी?

शेजारच्या, एकमेकींवर विश्वास असलेल्या आणि आर्थिक परिस्थिती साधारण सारखी असलेल्या दहा ते वीस जणींपासून. ग्रामीण भागात 'उमेद' अभियानाच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) समुदाय संसाधन व्यक्ती किंवा माविमची लोकसंचालित साधन केंद्रे मदत करतात. शहरात महानगरपालिकेच्या समाज विकास विभागाकडे चौकशी करावी. गटाने नाव ठरवावे, अध्यक्ष आणि सचिव निवडावेत, ठराव करून बँकेत गटाचे बचत खाते उघडावे.

खरे काम त्यानंतरचे आहे आणि ते पंचसूत्रीत सांगितले जाते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. बारा जणींनी दरमहा दोनशे रुपये टाकले, तर महिन्याला २,४०० आणि सहा महिन्यांत १४,४०० रुपये जमतात. रक्कम लहान वाटते, पण त्यातूनच पहिली कर्जे दिली जातात: मुलीच्या शाळेची फी, शिलाई मशीनची दुरुस्ती, सासऱ्यांचे औषध. सहा महिने व्यवहार नीट चालला की बँक गटाला कर्ज देण्याचा विचार करते. बँक आणि बचत गट जोडण्याचा हा उपक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील गटांना वीस लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागितले जात नाही.

चांगला गट ओळखायचा असेल तर बैठकीचा शेवट पाहावा. सचिव प्रत्येकीचे नाव घेऊन रक्कम वाचते, देणारी स्वतः वहीत सही किंवा अंगठा करते, नंतर पेटीतील रोख सगळ्यांसमोर मोजली जाते आणि वहीतील शिल्लक मोठ्याने वाचून दोन्ही आकडे जुळवले जातात. ज्या गटात 'हिशेब नंतर करू, ताईंवर विश्वास आहे' असे म्हटले जाते, तो गट वर्ष-दोन वर्षांत भांडणात मोडतो. विश्वास असतो म्हणूनच हिशेब सर्वांसमोर करायचा असतो.

७. बचत गट, भिशी आणि मायक्रोफायनान्स कंपनीचा 'गट' यांत फरक काय? आमच्या गल्लीत तिन्ही आहेत.

बचत गटात पैसा सभासदांचा असतो आणि व्याजही गटाच्याच तिजोरीत येते. महिना दोन टक्के दराने अंतर्गत कर्ज दिले, तर वर्षाला चोवीस टक्के होतात आणि हा दर काहींना जड वाटतो. परंतु ते व्याज वर्षअखेरीस सभासदांच्याच नावे जमा होते, हे विसरू नये. भिशी ओळखीवर चालते. ती भरवणारी व्यक्ती पळून गेली तर हाती कागद नसतो. नोंदणीकृत चिट फंड वेगळे, त्यांना १९८२ चा कायदा लागू आहे.

मायक्रोफायनान्स कंपनीच्या 'गटा'त मात्र गटाची स्वतःची बचत नसते. तो केवळ कर्जवाटपाची आणि वसुलीची सोय असतो. असे कर्ज वाईटच असते असे नाही, पण एका कंपनीचे फेडण्यासाठी दुसऱ्या कंपनीकडून उचलणे सुरू झाले की घर बुडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज ठरते, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. कर्जदाराला समजेल अशा भाषेतील कर्जकार्ड मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.

८. गटातील एका सभासदाने हप्ते थांबवले आहेत. बाकीच्यांनी भरायचे का?

बँकेच्या दृष्टीने कर्ज गटाचे असते, त्यामुळे थकबाकीचा फटका सगळ्यांना बसतो आणि पुढचे कर्ज अडते. म्हणून प्रथम कारण शोधावे. आजारपण किंवा काम सुटणे असे कारण असल्यास गटाच्या बचतीतून काही महिने हप्ता भरावा, तो त्या सभासदाच्या नावे अंतर्गत कर्ज म्हणून लिहावा आणि ठरावावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पैसे असून ती देत नसेल, तर तिच्या जमा बचतीतून वळते करण्याचा ठराव गट करू शकतो; त्यासाठी तशी तरतूद गटाच्या नियमावलीत आधीच असावी लागते. तिच्या दारात घोळक्याने जाऊन अपमान करणे हा मार्ग नव्हे. आमच्या माहितीतील एका वस्तीत तसे झाले आणि ती स्त्री घर सोडून गेली. पैसे तर मिळाले नाहीतच.

९. मी दिवाळीचा फराळ करून विकते. खूप विक्री होते, तरी हाती काही उरत नाही. चूक कोठे आहे?

बहुतेक वेळा दर ठरवण्यात. स्त्रिया मालाचा खर्च धरतात आणि स्वतःचे कष्ट शून्य धरतात. एक किलो चकलीचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. भाजणी, तेल, मसाला मिळून १८० रुपये, गॅस आणि वीज १५, पिशवी, लेबल आणि खोका १५, ने-आण १० असे धरले, तर २२० रुपये खर्च झाला. चकली ३०० रुपयांना विकली की ८० रुपये सुटले असे वाटते. पण धान्य भाजून गिरणीवर नेण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत किलोमागे दीड तास लागत असेल आणि त्या तासाला ८० रुपये धरले, तर १२० रुपये श्रमाचे झाले. एकूण ३४०. तुकडा पडलेला, जास्त तळला गेलेला आणि न खपलेला माल म्हणून पाच टक्के, म्हणजे १७ रुपये, त्यात घालावे लागतात, ३५७ झाले. धंदा वाढवायचा तर त्यावर पंधरा टक्के नफा हवा. म्हणजे दर ४१० रुपयांच्या आसपास जातो. ३०० रुपयांना विकणारी स्त्री नफा मिळवत नाही. ती आपल्या मजुरीचा मोठा भाग गिऱ्हाइकाला देऊन टाकते.

'एवढ्या दराने कोण घेईल' ही भीती खरी आहे. तिचे उत्तर दर पाडण्यात नाही. चव एकसारखी ठेवणे, तेल पुन्हा पुन्हा न वापरणे, पाकिटावर वजन आणि तारीख छापणे, आधी नोंदणी घेऊन तेवढाच माल करणे आणि ज्या पदार्थाला सर्वांत कमी वेळ लागून जास्त सुटतात त्यावर भर देणे, हे उपाय आहेत. दुकानात माल ठेवणार असाल तर दुकानदाराचे कमिशनही दरात धरावे. पुण्यात डिसेंबरमध्ये कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गटांना थेट गिऱ्हाईक मिळते. तेथे विक्रीइतकेच गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक लिहून घेणे महत्त्वाचे असते, कारण वर्षभराच्या मागण्या त्यांतून येतात.

आणखी एक सवय लावून घ्यावी. धंद्याची रोख आणि घरखर्चाची रोख दोन वेगळ्या डब्यांत, शक्य तर दोन वेगळ्या खात्यांत ठेवावी. घरासाठी उचललेले शंभर रुपयेही वहीत लिहावेत.

१०. घरगुती खाद्यव्यवसायाला कोणकोणत्या नोंदण्या लागतात?

अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी लागते. लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. उद्यम नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते आणि ती पूर्णपणे विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत आणि सेवेत वीस लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही.

११. मुद्रा कर्जासाठी पतीची सही आणि तारण लागते, असे शाखेत सांगितले. हे बरोबर आहे का?

मुद्रा योजनेत तारण घेतले जात नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज नीट फेडणाऱ्यांना वीस लाखांपर्यंतची मर्यादा खुली झाली आहे. स्त्री स्वतंत्र अर्जदार असू शकते. केवळ ती विवाहित आहे म्हणून पतीची सही लागत नाही. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. अर्थात, व्यवसायाचे दरपत्रक आणि सहा महिन्यांचा हिशेब आपल्या हाती हवा. तो कसा ठेवायचा हे प्रश्न ९ मध्ये आहे.

१२. मी चार घरी धुणीभांडी करते. माझ्यासारखीसाठी काही कायदा आहे का?

आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्टी आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार या मागण्या शहरात रुजल्या त्या या संघटनांमुळे. पुढे राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीचाही समावेश आहे आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. नोंदणी करून ठेवा. गरज पडल्यावर धावाधाव करू नका.

१३. माझा पगार झाला की पती लगेच सगळी रक्कम काढून घेतात. घरातली गोष्ट म्हणून सहन करायची का?

नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचाराचाच प्रकार मानला आहे. स्त्रीची कमाई किंवा स्त्रीधन हिरावून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, ज्या मालमत्तेवर तिचा हक्क आहे तिचा वापर रोखणे हे त्यात येते. लगेच न्यायालयात जायचे नसेल, तर पहिले पाऊल साधे आहे. एटीएमचा पिन बदलावा, खात्याशी स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडावा, गरज वाटल्यास दुसऱ्या बँकेत खाते उघडून पगार तेथे वळवावा. मारहाणीची भीती असेल तर हे करण्याआधीच १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावे किंवा जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावे. दागिने सासरच्यांकडे ठेवलेले असले, तरी स्त्रीधनाची मालकी स्त्रीचीच राहते.

१४. घर पत्नीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क कमी लागते का?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या सदनिकेवर ती साठ हजार होते. पती-पत्नी दोघांच्या नावे खरेदी केल्यास ही सवलत मिळत नाही. पुढील पंधरा वर्षे असे घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट आधी होती. ती २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. खरेदीदार एकटी पत्नी आणि गृहकर्जात पती सहकर्जदार, अशी रचना होऊ शकते.

उलट परिस्थितीविषयी मात्र कोणी विचारत नाही, म्हणून येथेच लिहितो. घर पतीच्या एकट्याच्या नावावर आहे आणि निम्मा हप्ता पत्नीच्या पगारातून जातो, अशी असंख्य कुटुंबे कोथरूडपासून हडपसरपर्यंत आहेत. अशा वेळी हप्त्याची रक्कम पत्नीच्या खात्यातून थेट कर्जखात्यात जावी, पतीच्या खात्यातून फिरून जाऊ नये आणि शक्य तेव्हा तिचे नाव मालकीत यावे.

१५. पतीने व्यवसाय माझ्या नावावर नोंदवला आहे, पण सगळे तेच पाहतात. यात धोका आहे का?

आहे, आणि तो मोठा आहे. मालकीचा व्यवसाय तुमच्या नावावर असेल तर कर्ज, कर आणि दंड यांची जबाबदारी तुमची ठरते, कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल गुणांक तुमचा बिघडतो आणि तुमच्या सहीचा धनादेश परत गेल्यास खटलाही तुमच्यावर होतो. कोऱ्या धनादेशावर सही करू नये. दरमहा बँकेचा उतारा आणि करविवरण स्वतः पाहावे. कर वाचेल ही समजूतही अनेकदा फोल ठरते, कारण पतीने मोबदल्याशिवाय दिलेल्या भांडवलातून आलेले पत्नीचे उत्पन्न प्राप्तिकराच्या हिशेबात पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीने स्वतःच्या कौशल्याने आणि कष्टाने मिळवलेले उत्पन्न मात्र तिचेच राहते. नाव तुमचे असेल तर कामही शिकून घ्या. त्या व्यवसायाची खरी मालकीण होण्याची संधी तुमच्याजवळ आहे.

१६. लग्न होऊन वीस वर्षे झाली. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. वडिलांच्या शेतीत माझा हिस्सा राहिला आहे का?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मतः हक्क आहे. विवाहामुळे तो जात नाही. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. अपवाद दोन लक्षात ठेवावेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल, तर ते उलटत नाही; आणि वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाकायदे वेगळे आहेत.

माहेर तुटेल या भीतीने सही करणाऱ्या भगिनी आम्हाला दर महिन्याला भेटतात. पुण्याभोवतीच्या गावांत जमिनींचे भाव कोठे गेले आहेत हे त्यांना ठाऊक नसते, भावांना असते. सही करायची की नाही हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. पण सातबारा पाहिल्याशिवाय, दस्त शब्दन्‌शब्द वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे अतिशय अवघड असते.

१७. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये हे सक्षमीकरण आहे का?

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत पात्र स्त्रीच्या आधारशी जोडलेल्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येतात. पैसा थेट स्त्रीच्या खात्यात येणे ही चांगली गोष्ट आहे आणि कित्येक स्त्रिया या निमित्ताने प्रथमच बँकेत गेल्या. परंतु वर्षाचे अठरा हजार हे उपजीविकेचे साधन होऊ शकत नाही. ज्या वस्तीत पाळणाघर नाही, रात्री सुरक्षित बस नाही आणि प्रशिक्षणाची सोय नाही, तेथे केवळ अनुदानाने स्त्रियांना कामाची वाट मोकळी होणार नाही. शासनाकडून दोन्हीची अपेक्षा करणे रास्त आहे.

१८. बाई कमवू लागली की घरात भांडणे वाढतात, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का?

काही घरांत सुरुवातीला ताण वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. बहुधा तो पैशांपेक्षा वेळेमुळे वाढतो: प्रश्न ५ मधील पाच तासांचे काम तसेच राहते आणि त्यावर नोकरीचे आठ तास येतात. ज्या घरांत पती आणि मुलगे स्वयंपाक, भांडी, मुलांना शाळेत सोडणे ही कामे नेमून घेतात, तेथे कुरबुरी लवकर थांबतात. सासूबाईंना विरोधक समजू नये. त्यांच्या हातात कधी स्वतःचा पैसा आला नाही, हेही त्यांच्या नाराजीचे कारण असू शकते. सून आणि सासू एकाच गटाच्या सभासद झाल्यावर घराचे वातावरण बदललेले आम्ही अनेकदा पाहिले आहे. मात्र भांडणाचे रूपांतर मारहाणीत किंवा धमकीत झाले, तर तडजोड सुचवणाऱ्यांचे ऐकू नका. प्रश्न १३ पाहा.

१९. पतीच्या खात्याला, विम्याला आणि सोसायटीतील सदनिकेला माझे नाव नॉमिनी म्हणून आहे. म्हणजे त्यांच्या पश्चात सगळे माझेच ना?

असे गृहीत धरू नये. बँक खाते आणि सोसायटीतील सदनिका यांबाबत नॉमिनी ही रक्कम किंवा हक्क स्वीकारणारी व्यक्ती असते. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वतंत्र मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे समान वाटेकरी असतात. आयुर्विम्याचे वेगळे आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे त्यांच्याच हक्काची ठरते. पतीवर व्यवसायाचे कर्ज असेल, तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी म्हणून राहते आणि पतीच्या सावकारांना त्यावर हात टाकता येत नाही. ही निवड पॉलिसी घेतानाच अर्जासोबत करावी लागते, जुन्या पॉलिसीला ती नंतर लागू करता येत नाही. सदनिकेसाठी दोघांनीही मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही बंधनकारक नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक आहेत आणि ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये.